बगळे जिंकले तर

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी एल्म प्रेअरी गावातली झाडून सगळी माणसं देवाकडे एकच मागणं मागत होती, की एकदाचे बगळे जिंकू देत. एकटा नॉर्बर्ट कुचेरा मफलरमध्ये तोंड खुपसून देवाला सांगत होता, की बाबा रे, आजचा दिवस हरू दे, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

हा माणूस समोरच्या कॉलेजने फोडलेला होता असं कुणी समजू नये. नॉर्बर्ट हा हॅल्वर्सन कॉलेजचा ग्रंथपाल. गेल्या सत्तावीस वर्षांत त्याने आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरचा एकही सामना चुकवला नव्हता. अपेंडिक्स काढल्यावर चौथ्या दिवशी तो पोटावर उशी बांधून बाकावर येऊन बसला होता. त्या दिवशी संघ बावन्न गुणांनी हरला. डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती, तेवढं पथ्य मात्र आपोआप पाळलं गेलं.

संघाचं नाव 'लढाऊ बगळे'. दुसऱ्या कॉलेजांचे संघ वाघ आहेत, अस्वलं आहेत, कुणी वादळ आहे. हॅल्वर्सनच्या संस्थापक पाद्रीबुवांना नदीकाठी बसलेला बगळा फार आवडायचा. बगळा एका पायावर तासन्‌तास उभा राहतो आणि समोरून काय चाललंय ते नुसतं बघतो. संघाने हा गुण अगदी मनापासून उचलला होता. सलग अठ्ठावीस सामने.

तर असा हा नॉर्बर्ट संघाच्या पराभवासाठी देवाला साकडं का घालत होता? सांगतो. पण त्यासाठी एप्रिलमधल्या मीटिंगपासून सुरुवात करावी लागेल.

एप्रिलमध्ये गवत कापणाऱ्या यंत्राचा हलकासा धक्का लागला आणि मैदानाच्या नदीकडच्या टोकाचे गोलचे लाकडी खांब आडवे झाले. आता हे खांब म्हणजे काय, तर दोन उंच दांडे आणि मधे एक आडवी दांडी. त्या दांडीवरून आणि दोन्ही दांड्यांच्या मधून चेंडू लाथेने उडवला की तीन गुण. खांब पडले ते कुजले होते म्हणून. आणि कुजले कशाने, तर हॅल्वर्सनचा जुना रिवाज असा, की घरच्या मैदानावर सामना जिंकला की पोरांनी मैदानात घुसायचं, नदीकडच्या टोकाचे खांब उपटायचे, खांद्यावर घेऊन पुलापर्यंत मिरवायचे आणि लिटल एल्म नदीत टाकून द्यायचे. मग कॉलेज नवे खांब बसवायचं. घरच्या मैदानावर अकरा वर्षांत बगळे जिंकलेच नव्हते. खांब बिचारे उपटायची वाट बघत जागच्या जागी कुजले.

मीटिंगमध्ये अध्यक्षबाई डॉक्टर एलिंग्बो म्हणाल्या, "खांबांचं काय करायचं?" सगळे प्राध्यापक आपापल्या कॉफीत बघायला लागले. नॉर्बर्टला शांतता सहन होत नाही, जन्म ग्रंथालयात गेला तरी. तो म्हणाला, "कुणीतरी यात लक्ष घालायला हवं."

कॉलेजच्या मीटिंगमध्ये हे वाक्य जो उच्चारतो तोच तो 'कुणीतरी' असतो, हे सत्तावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

पण नॉर्बर्टने लक्ष घातलं, आणि झकास घातलं. कारण त्याला एक कल्पना सुचली होती. त्याचे सासरे एमिल नोवाक यांनी चाळीस वर्षं या मैदानाची देखभाल केली होती. गवत त्यांनी वाढवलं, चुन्याच्या रेघा त्यांनी मारल्या. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण कॉलेजात त्यांच्या नावाचं साधं बाकही नव्हतं. नॉर्बर्टने लोखंडी खांब मागवले आणि खाली काँक्रीटमध्ये एक पितळी पाटी बसवली: 'एमिल नोवाक. यांनी हे मैदान राखलं.'

पाटी बघायला तो बायकोला, व्हर्नाला, घेऊन गेला. व्हर्नाने पाटीवरून बोट फिरवलं. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं केलंस."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. व्हर्नाच्या तोंडून 'बरं केलंस' निघण्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ नॉर्बर्टने मिशी काढली तेव्हाची.

ऑगस्टमध्ये शेजारचा डेल हॉफस्टेटर कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला आणि नॉर्बर्टचं सुख तिथेच संपलं. डेलने जन्मभर ट्रॅक्टर विकले. निवृत्तीनंतर विकायला काही न उरल्यामुळे तो सल्ले फुकट वाटत असे.

"खांब छान झालेत हं," डेल म्हणाला. "सासऱ्यांचं नाव पण छान दिसतंय."

"थँक्यू."

"नदीत पण छान दिसेल."

"नदीत कशाला?"

"अरे, जिंकले तर पोरं उपटणार नाहीत का? काँक्रीट-पाटीसकट!"

नॉर्बर्टच्या हातातली पाण्याची नळी त्याच्याच बुटात वाहत राहिली. हा विचार त्याच्या डोक्याला शिवलाच नव्हता. आपला संघ जिंकेल ही शक्यता त्याने इतकी वर्षं इतक्या खोल गाडून टाकली होती, की खांब बसवताना ती त्याला आठवलीच नाही.

"पण ते जिंकत नाहीत," तो म्हणाला.

"ते खरंय," डेल म्हणाला. "तरीपण मी तुझ्या जागी असतो तर विमा काढला असता."

विमा एजंट हर्ब स्टॉकने यादी काढली. खांबांचा विमा वारा, गारपीट, वीज, चक्रीवादळ आणि 'मोकाट गुरं' यांच्याविरुद्ध निघत होता. "आनंदाविरुद्ध निघत नाही," हर्ब म्हणाला.

"आनंद म्हणजे?"

"म्हणजे लोकांनी आनंदाने मोडले तर कंपनी काही देत नाही. खास अर्ज करावा लागेल. संघ जिंकण्याची भीती किती, ते लेखी कळवा. जिंकण्याची भीती नाही असं सिद्ध केलंत तर काढतील."

नॉर्बर्टने सिद्ध केलं. ग्रंथपाल माणूस, चार वर्षांच्या पराभवांचे तपशील काढले, तक्ते केले आणि तीन पानी पत्र टाइप केलं. त्यात त्याने संघाचा प्रत्येक खेळाडू घेतला आणि हा जिंकण्यासाठी का निरुपयोगी आहे ते सभ्य भाषेत लिहिलं. चेंडू फेकणारा ब्रेडन टेस्क हा 'विद्यार्थी म्हणून अत्यंत दिलदार असून चेंडूही तो बहुधा विरोधकांनाच देतो.' लाथ मारणारा ओवे लिंडग्रेन हा 'संगीत विभागात बासरी वाजवतो आणि ती उत्तम वाजवतो.' कोच रस्क यांच्याबद्दल एकच वाक्य: 'त्यांचा आशावाद हा वैद्यकीय विषय आहे.'

पत्र टपालात टाकायला द्यायचं, ते ऑफिसच्या कॉपी मशीनवर विसरलं.

बगळे पहिले दोन सामने अठ्ठेचाळीस आणि एक्केचाळीस गुणांनी हरले. नॉर्बर्ट समाधानाने झोपत होता. तिसऱ्या आठवड्यात कोच रस्क ग्रंथालयात आले. डोळ्यांत पाणी. नॉर्बर्टला वाटलं, आता हा माणूस आपल्याला विश्वकोशाने मारणार.

कोचनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "मिस्टर कुचेरा, आपलं पत्र मी पोरांना वाचून दाखवलं."

"कुठलं पत्र?" नॉर्बर्ट म्हणाला.

"चौदा वर्षं मी या पोरांना सांगतोय, तुम्ही ग्रेट आहात, तुम्ही ग्रेट आहात. कुणावर काही परिणाम नाही. काल तुमचं पत्र वाचलं आणि टेस्कने कपाटाला लाथ मारली! कपाटाला! आणि ती नेमकी बसली! मानसशास्त्र यालाच म्हणतात. आता दर सामन्याआधी मी ते वाचणार आहे."

"नका वाचू."

"मोठा माणूस आहात तुम्ही," कोच म्हणाले आणि नाक शिंकरत गेले.

त्या शनिवारी बगळे सत्तावीस गुणांनी हरले. पुढच्या शनिवारी एकोणीस. मग चौदा. गावात लोक रस्त्यात थांबून बोलायला लागले. नॉर्बर्टने ग्रंथालयातल्या जुन्या कार्डाच्या मागे एक आलेख काढला आणि त्याला घाम फुटला. पराभवाची रेघ जिन्याने उतरल्यासारखी खाली येत होती आणि शून्याला टेकत होती ती नऊ नोव्हेंबरला. शेवटचा सामना. घरच्या मैदानावर.

"मग ही तर आनंदाची बातमी!" डेल कुंपणावरून म्हणाला.

"आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "मला आनंदच झालाय." आणि तो खरंच झाला होता, हीच पंचाईत होती. परवा टेस्कने चक्क स्वतःच्या माणसाला चेंडू दिला, तेव्हा सत्तावीस वर्षांचं पुण्य फळाला आल्यासारखा नॉर्बर्ट बाकावर उभा राहून ओरडला होता, आणि ओरडता ओरडता पाटी आठवून मटकन खाली बसला होता. मागच्या बाईने विचारलं, "पाठीत उसण भरली का?" तो हो म्हणाला. माणसाने आपल्याच संघाच्या बाजूने नसावं आणि विरुद्धही नसावं, तर मग तिकीट काढून बसावं तरी कुठल्या बाजूला?

"ग्रीस लाव खांबांना," डेल म्हणाला. "चढतील आणि घसरतील. ट्रॅक्टरचं देतो तुला, उन्हापावसात हलत नाही."

ग्रीस लावलं. शिवाय नॉर्बर्टला तळघरात सासऱ्यांच्या सामानात एक हातभर लांबीचा पाना सापडला. पान्याच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं 'शनिवार'. सोमवार-मंगळवारचे पाने कुठे दिसले नाहीत. पण पाना खांबांच्या बोल्टना नेमका बसत होता. मग दर शनिवारी सकाळी नॉर्बर्ट तो पाना घेऊन मैदानावर जायचा आणि खालचे आठही बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळून यायचा.

चमत्कार असा, की पहिल्याच शनिवारी त्याला पाना घेऊन निघताना व्हर्नाने पाहिलं आणि ती दारातच थबकली. "बाबांचा पाना?" ती म्हणाली. "मैदानावर चाललास?"

"हो. खांबांचे बोल्ट जरा…"

"कळलं," व्हर्ना म्हणाली, आणि तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. परत आला तर टेबलावर कोलाचे, खसखशीचं सारण भरलेले गरम गोड पाव. ख्रिसमसशिवाय न होणारे. पुढच्या शनिवारी पुन्हा कोलाचे. नॉर्बर्टला काही कळेना. पण एकतीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता, की समोर गरम कोलाचे असताना कारण विचारू नये.

एवढ्यावर थांबला असता तर तो नॉर्बर्ट कसला. त्याने जिल्ह्याच्या प्रवाह-संरक्षण खात्याला पत्र लिहिलं, की गोलचे खांब नदीत टाकण्याला कायद्याने बंदी आहे काय? असल्यास तशी पाटी लावावी म्हणतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'गोलचे खांब नदीत टाकण्यासाठी केलेला आपला अर्ज मिळाला. वस्तूची लांबी, वजन आणि टाकण्याची तारीख कळवावी.'

नॉर्बर्टने फोन केला. "मला टाकायचे नाहीयेत. मला ते टाकू द्यायचे नाहीयेत."

"म्हणजे अर्ज मागे घेताय?" पलीकडची बाई म्हणाली.

"मी अर्ज केलेलाच नाही."

"न केलेला अर्ज मागे घेता येत नाही, सर. त्यासाठी आधी अर्ज पूर्ण करावा लागेल. लांबी किती?"

सभ्य माणूस. त्याने लांबी सांगितली. वजन सांगितलं. तारखेला तो अडला, तर तिने विचारलं, "शेवटचा सामना कधी आहे?" आणि तो बोलून गेला. आठ नोव्हेंबरला टपालाने शिक्क्यासह परवाना आला: श्री. नॉर्बर्ट कुचेरा यांना नऊ तारखेपुरती, एक नग गोलचे खांब लिटल एल्म नदीत सोडण्याची परवानगी देण्यात येत आहे. त्याने तो कोटाच्या खिशात कोंबला. डाव्या खिशात परवाना, उजव्या बाजूला कोटाच्या आत पाना. सकाळी बोल्ट आवळून तो तसाच सामन्याला येऊन बसला होता, कारण घरी जाऊन येण्याइतका धीर त्याच्यात उरला नव्हता.

समोर सेंट वेंडेलिन कॉलेज होतं. त्यांचा संघही काही फार भारी नव्हता. थंडी अशी, की वाद्यवृंदाच्या पोरांचे ओठ पितळेला चिकटत होते. शेजारी व्हर्ना घोंगडी पांघरून बसलेली, मागे डेल थर्मासमधलं काहीतरी पीत बसलेला.

शेवटची चार सेकंदं उरली तेव्हा बगळ्यांचे दहा आणि सेंट वेंडेलिनचे नऊ गुण होते. हे दहा कसे झाले ते नॉर्बर्टने पाहिलं नव्हतं. महत्त्वाच्या क्षणी तो डोळे मिटून घ्यायचा, कारण कुठल्या बाजूला उघडावेत तेच कळत नव्हतं. आता चेंडू सेंट वेंडेलिनकडे होता. त्यांचा एक दांडगा गडी लाथ मारणार, चेंडू खांबांतून गेला की तीन गुण आणि खेळ खलास. आणि खांब कुठले? नदीकडचे. नॉर्बर्टचे.

"गेला हा," डेल म्हणाला. "नॉर्बर्ट, तुझे खांब वाचले बघ."

"गप रे!" नॉर्बर्ट खेकसला आणि स्वतःच दचकला.

लाथ बसली. चेंडू उंच गेला, सरळ गेला, मग वाऱ्याने जरा उजवीकडे कलला. दोनशे बारा माणसं आणि एक कुत्रा श्वास रोखून बघत होती. टण्ण! चेंडू उजव्या खांबावर आदळला. साध्या खांबावरून तो आत उडाला असता की बाहेर, हे देव जाणे. पण या खांबावर डेल हॉफस्टेटरचं ट्रॅक्टरचं ग्रीस होतं. चेंडू साबणाच्या वडीसारखा खांबाच्या बाहेरच्या अंगाने सटकला आणि गवतात पडला.

बाहेर.

क्षणभर कुणीच ओरडलं नाही. जिंकल्यावर काय करायचं असतं ते कुणाला आठवत नव्हतं. मग कोच रस्क मैदानात गुडघ्यावर बसून हुंदके द्यायला लागले आणि सगळं गाव मैदानात धावलं.

पोरं खांबांपाशी पोचली. पहिली चारजणं वर उडी मारून चढली आणि घसरून एकमेकांच्या डोक्यावर बसली. दुसरी चारजणं चढली, तीही आली खाली. मग वीस-पंचवीस जणांनी मिळून खांब ढकलला. खांब ढिम्म. ओढला. ढिम्म. एल्म प्रेअरीच्या इतिहासात कुठलीही गोष्ट इतकी पक्की बसवली गेली नव्हती. नखशिखांत काळा झालेला ओवे लिंडग्रेन, बासरीवाला, खांबाला कपाळ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "हेपण जमत नाही आपल्याला."

आणि गर्दीतला आवाज हळूहळू बसायला लागला. अठ्ठावीस पराभवांनंतर जिंकलेली ती पोरं आता परत हरलेल्यांसारखी दिसायला लागली होती. एकाने घड्याळ बघितलं. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, जेवायला जाऊ."

नॉर्बर्टचे खांब वाचले होते. गेले तीन महिने ज्यासाठी त्याने जीव टाकला ते सगळं पार पडलं होतं. आणि त्याला असं वाटत होतं, की आपण कुणाच्या तरी लग्नात जाऊन मांडवाचे दोर कापलेत.

व्हर्ना घोंगडी सावरत त्याच्यापाशी आली. "हे काय? निघत का नाहीयेत?"

"पक्के बसलेत," तो खाली मान घालून म्हणाला.

"पण तू तर दर शनिवारी सैल करून येत होतास ना?"

"सैल? मी आवळून येत होतो!"

व्हर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "आवळून? बाबांच्या पान्याने?"

"मग तो पाना कशासाठी होता?"

"अरे देवा, नॉर्बर्ट! बाबा दर शनिवारी सकाळी बोल्ट सैल करून ठेवायचे. पोरं जिंकली तर ओढाताणीत कुणाचा हात मोडू नये म्हणून. आणि सोमवारी परत आवळायचे. मला वाटलं, तू त्यांचंच काम चालवतोयस. म्हणून तर…" तिचा आवाज चिरकला. "मी कोलाचे करत होते!"

"दर शनिवारी? पण तेव्हाही संघ जिंकत नव्हता!"

"म्हणून काय झालं?" व्हर्ना म्हणाली.

नॉर्बर्टने पाटीकडे पाहिलं. 'यांनी हे मैदान राखलं.' मग कोटात हात घातला आणि पाना बाहेर काढला.

"बाजूला व्हा जरा," तो पोरांना म्हणाला. "आणि टेस्क, तू हात नको लावूस. तू समोरच्यांना देशील."

"पत्र तुम्हीच लिहिलं होतं ना, सर?" टेस्कने विचारलं.

"हो."

"भारी होतं," टेस्क म्हणाला आणि चिखलात गुडघे टेकून त्याला बोल्ट दाखवायला बसला.

नॉर्बर्टने सकाळी इतकं आवळलं होतं, की सोडवायला वीस मिनिटं लागली. दोनशे बारा माणसं थंडीत शिस्तीत थांबली. प्रत्येक बोल्टला टाळ्या पडत होत्या. आठवा बोल्ट निघाला, खांब कलले, आणि मग जो ओरडा झाला तो म्हणे शेजारच्या गावात ऐकू गेला. कोण म्हणे, तर डेल. पण डेल तेव्हा खांबाखालीच होता.

पुलावर गावचा पोलीस लंडी आडवा आला. "नदीत काही टाकायला परवाना लागतो, मंडळी."

मिरवणूक थांबली. नॉर्बर्टने डाव्या खिशातून परवाना काढला. लंडीने तो दोनदा वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला. "एक नग लिहिलंय."

"एकच नग आहे."

"तारीख आजची," लंडी हताशपणे म्हणाला. "तुला कसं ठाऊक होतं रे आजच जिंकणार?"

"आलेख काढला होता," नॉर्बर्ट म्हणाला, आणि खांबाचं मागचं टोक खांद्यावर घेतलं. ग्रीस लागून त्याचा एकुलता एक बरा कोट कामातून गेला. व्हर्नाने त्याची टोपी सरळ केली. मग सगळ्यांनी मिळून एक, दोन, तीन म्हटलं.

पुढच्या एप्रिलच्या मीटिंगमध्ये डॉक्टर एलिंग्बो म्हणाल्या, "नदीकडच्या खांबांचं काय करायचं?" आणि सगळे प्राध्यापक कॉफीत बघायच्या आत नॉर्बर्टचा हात वर होता.

नव्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो मैदानावर गेला. पाटी होती तिथेच होती, तिच्यावर नवे खांब. त्याने आठही बोल्ट अर्धा अर्धा फेरा सैल केले, पाना पुसला आणि घरी जाऊन कोलाचे खाल्ले.

त्या दिवशी बगळे अडतीस गुणांनी हरले.

सोमवारी नॉर्बर्टने बोल्ट आवळले. शनिवारी परत सैल केले.